खरात सरांची खुंटी

खरात सर माणसं विसरायचे, तळी विसरायचे नाहीत. वीस वर्षांपूर्वीचा एखादा विद्यार्थी मंठ्याच्या बसस्टँडवर पाया पडायला वाकला, की सर त्याला मधेच धरून विचारायचे, "गाव कोन्तं तुझं?" त्यानं गाव सांगितलं की सरांचा चेहरा खुलायचा. "हां हां! पूर्वेला सांडवा, मधी बाभळीचं बेट. बराबर? गाळ काढला का न्हाई तुम्ही?" बिचारा आपलं नाव सांगायला तोंड उघडून तसाच उभा राहायचा. त्याच्या नावाची सरांना गरज उरलेली नसायची.

सर गेले त्याला येत्या पोळ्याला दोन वर्षं होतील. शाळेत आम्ही एकोणीस वर्षं शेजारी शेजारी बसलो. ते भूगोलाचे, मी मराठीचा. बेताची उंची, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात तीन वस्तू. निळा पेन, लाल पेन आणि बाभळीची खुंटी. पेन दोन्ही बहुधा चालत नसत. खुंटी मात्र वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली.

ही खुंटी वीतभर होती. एक टोक तासून अणकुचीदार केलेलं आणि दुसऱ्या टोकाला मुलीच्या नेलपॉलिशचा लाल पट्टा. कुठल्याही तळ्यावर गेलं की सरांचं पहिलं काम म्हणजे वाकून, पाणी जिथं संपतं नेमकं तिथं ती रोवायची. मग गप्पा, डबा, झाडाखाली डुलकी. निघताना पुन्हा खुंटीपाशी जायचं. पाणी खुंटीला धरून असलं तर तळं ठीक. बोटभर जरी मागं सरकलेलं दिसलं, तर सरांचं जेवण तिथंच जिरायचं. "उन्हानं येवढं आटत न्हाई, जोशी सर. कुठंतरी गळून राह्यलं." मग अनोळखी गावच्या सरपंचाचं घर शोधणं आलं. तिथं सर पाव तास बोलायचे, सरपंच जांभया द्यायचे आणि मी चहा प्यायचो.

असे आमचे रविवार जायचे. सरांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी जिल्ह्यातले निम्मे पाझर तलाव पाहिले. त्यात माझी हौस काहीच नव्हती. घरी राहिलो तर जाळी-जळमटं काढावी लागत, हे एकच कारण. माझी बायको शेजारणीला सांगायची, "लोकांचे नवरे बाजारात जातात, आमचा तळ्यात जातो."

सरांचं शास्त्र मात्र पक्कं होतं. गाव कसं आहे हे त्यांना तळं बघून कळायचं. एकदा त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला तीर्थपुरीकडं एका गावात गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, मुलीचे मामा आले, आणि सर गायब. सगळे ताटकळले. मुलाच्या आईचा संताप कानापर्यंत पोचलेला. तासाभरानं सर आले, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. दारातच म्हणाले, "सोयरीक पक्की करा. या गावानं यंदा गाळ काढलाय, अन् भिंतीवरलं एकबी झाड वाढू दिलं न्हाई. ही मानसं जीव लावनारी हायेत." मुलीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं. लग्न झालं, संसारही उत्तम चाललाय. मुलगी आजही सासूपेक्षा सरांचंच नाव जास्त आदरानं घेते, कारण तिला कुणी स्वयंपाक येतो का म्हणून विचारलं नाही.

आता या वेडाचं मूळ सांगायला हवं. सरांचं गाव मंठ्यापासून अकरा किलोमीटरवर. गावाच्या वर एक पाझर तलाव आहे. दुष्काळी कामावर तो झाला तेव्हा सरांचे आईवडील दोघंही मजुरीवर होते. सर नेहमी म्हणायचे, "या भिंतीत माझ्या मायच्या कमीत कमी हजार पाट्या माती हाये." ज्या वर्षी सर शिकून गावात आले, त्या पावसाळ्यात त्यांना भिंतीच्या मागच्या अंगाला ओल दिसली. त्यांनी जाऊन गावातल्या कारभाऱ्यांना सांगितलं. कारभारी म्हणाले, "तुम्ही पोरं शिकवा, मास्तर. भिंतीचं भिंत बघून घेईन." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तळं रिकामं झालं. गावानं चिखलातले मासे पाट्या भरभरून घरी नेले, आणि त्या संध्याकाळी घरोघर कालवण झालं. पुढचे आठ महिने टँकर. भिंत नंतर दुरुस्त झाली, पण सरांच्या मनातली ओल गेली नाही. दिसलं की ओरडायचं, लोक हसले तरी ओरडायचं, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

आणि याच माणसाचं मी हसू केलं. ते कसं, तेही आता सांगतो.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमची स्टाफची सहल कोकणात गेली. एक क्रूझर गाडी, सात मास्तर आणि चिवड्याचे दोन डबे. मालवणकडच्या एका मच्छीमार गावात सकाळी उतरलो. पाचजण समोर समुद्र बघून पोरांसारखे पळत सुटले. सरांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं, "लई मोठंय" एवढंच म्हणाले, आणि जिथं उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंना विचारलं, "गावात तळी किती?"

शेवंताकाकू म्हणजे पन्नाशीची, कमरेवर हात ठेवूनच बोलणारी बाई. त्यांच्याकडं लोक समुद्र विचारायला येत. तळी विचारणारा हा पहिलाच. "तीन आसत," त्या म्हणाल्या. झालं. समुद्राला पाठ करून सर निघाले आणि ओढून मला नेलं.

पहिलं तळं देवळामागचं, कमळांनी भरलेलं. सर खूश. दुसरं जांभ्या दगडात खोदलेलं, बायका कपडे धूत होत्या. सरांनी पायऱ्या मोजल्या. तिसरं गावाच्या टोकाला, चांगलं ऐसपैस, कडेनं केवड्याची बनं आणि पाण्यावर चार होड्या. काठोकाठ भरलेलं. "वा!" सर म्हणाले. "आपल्याकडं असं भरलेलं तळं बघायला पोळ्यापस्तोर थांबावं लागतं." खिशातून खुंटी काढली, वाकले, रोवली, आणि आम्ही जेवायला आलो. सरांनी तीन बांगडे खाल्ले. मी सोलकढी पिऊन धर्म राखला.

साडेतीनच्या सुमाराला सर खुंटी बघायला गेले. मी ओसरीवर आडवा झालो होतो. थोड्या वेळानं देवळाची घंटा वाजायला लागली. आरतीची वाजते तशी नाही, आग लागल्यासारखी. मागोमाग ओळखीचा आवाज आला, "तळं फुटलं! ओ, उठा! तळं फुटलं! पोती आना, पोती! जल्दी करा!"

सगळं गाव धावलं. म्हातारे आले, जाळी विणणारे सुया हातात तशाच घेऊन आले, आमचे बाकीचे पाच मास्तर अर्ध्या चड्ड्यांवर आले. तळ्याच्या काठी सर उभे, घामानं निथळत. त्यांची खुंटी कोरड्यात उभी होती आणि पाणी तिथून वीस-पंचवीस हात लांब गेलं होतं. होड्या चिखलात कुशीवर निजल्या होत्या. सर केवड्याच्या बनाकडं बोट दाखवून सांगत होते, "भगदाड तिकडं असनार! मी जाऊन बघतो, तुम्ही पोती भरा!"

क्षणभर कुणाला काही सुधरेना. मग एक जाळीवाला हसला, मग दुसरा, मग सगळा काठ हसायला लागला. आमचे पाच मास्तर तर पोट धरून बसले.

कारण ते तळं नव्हतंच. त्या लोकांच्या तोंडी तळं, पण केवड्याच्या बनाआड त्याचं तोंड समुद्राला मिळालेलं होतं. भूगोलाच्या पुस्तकात याला खारकच्छ म्हणतात. सरांनी ती व्याख्या अठ्ठावीस वर्षं पोरांना लिहून दिली होती. भरती-ओहोटीची आकृती, सूर्य, चंद्र आणि पृथ्वी, ते डोळे मिटून फळ्यावर काढायचे. त्या प्रश्नाला चार गुण असत आणि आकृतीशिवाय सर दोनच देत.

शेवंताकाकू तेवढ्या हसल्या नाहीत. पुढं होऊन म्हणाल्या, "मास्तरानू, खंय फुटाक नाय. ओहोटी लागली हा. सांजेक पाणी परत येतला."

"परत येतं?" सर म्हणाले. "आपसूक?"

"रोज येता."

सरांनी त्या रिकाम्या चिखलाकडं पाहिलं. चूक त्यांच्या ध्यानात आली होती, कान लाल झाले होते. पण म्हणाले ते वेगळंच. "आमच्याकडं गेलेलं पानी परत येत न्हाई, बाई."

मी मात्र तेव्हाही हसत होतो. पाचला आमची गाडी निघाली. पाणी परत आलेलं काही सरांना बघायला मिळालं नाही. चढण लागेपर्यंत ते मागच्या काचेतून बघत होते.

सरांच्या निरोप समारंभात मी भाषण केलं. माझ्या भाषणांची तालुक्यात ख्याती आहे, म्हणजे निदान माझं तसं मत आहे. मी ही गोष्ट रंगवून सांगितली. घंटा वाजवून दाखवली, "पोती आना, पोती!" सरांच्या आवाजात म्हणून दाखवलं. सभागृह कोसळायचं बाकी राहिलं. सर हार गळ्यात घालून हसत होते. त्यांची बायको हसत नव्हती, हे मला दिसलं आणि मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवसापासून मंठ्यात सरांना कुणी भेटलं की विचारायचं, "काय सर, आलं का पानी परत?" पानटपरीवर, बँकेत, दवाखान्यात. सर म्हणायचे, "येईन, येईन." तळ्यांवर जाणं त्यांनी कमी केलं. सरपंचांची घरं शोधणं तर बंदच केलं.

त्यानंतरच्या सप्टेंबरात परतीचा पाऊस असा झाला की आठवडाभर कपडे वाळले नाहीत. एका रविवारी सकाळी ऊन पडलं आणि नऊ वाजता सरांचा गावाकडून फोन आला.

"जयभीम, जोशी सर. भिंतीच्या मागल्या अंगाला पाझर लागलाय. पानी गढूळ येऊन राह्यलं. स्वच्छ आलं असतं तर मी बोललो नस्तो. गढूळ म्हंजे आतली माती चालली. चार मानसं घेऊन येता का? इथं सांगून बघितलं, सगळे हसतेत."

मी काय म्हणालो ते लिहायला आज लाज वाटते. मी म्हणालो, "घाबरू नका सर. सांजेक परत येतला."

पलीकडून "बरं," आणि फोन बंद.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या अंगात विनोद संचारला होता. तालुक्यातल्या आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर मी लिहिलं, "ताजी बातमी. खरात सरांचं तळं पुन्हा फुटलं! इच्छुकांनी दर्शनाला पोती घेऊन यावं." खाली हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. तिथून ते आजूबाजूच्या गावांच्या ग्रुपवर गेलं. रविवार होता, आठवड्यानं ऊन पडलं होतं आणि कुणालाच काही काम नव्हतं. लोक खरंच निघाले. गंमत पूर्ण व्हावी म्हणून खताच्या रिकाम्या गोण्या घेऊन निघाले. मीही निघालो, आपला विनोद कसा लागू पडला ते बघायला.

अकराला पोचलो तेव्हा भिंतीवर शंभरेक माणूस होतं. मोबाईल वर धरलेले, कुणी "पोती आना" म्हणून ओरडत होतं. मी वरून खाली डोकावलो.

सर गुडघाभर चिखलात होते. शेजारी त्यांची बायको आणि दोन मेंढपाळ. भिंतीच्या बुडातून मनगटाएवढी धार येत होती, चहासारखी लाल. सर ओंजळीनं तिच्यावर वाळू टाकत होते आणि वाळू वाहून जात होती. मागं तळं काठोकाठ, समोर उतारावर गाव.

हसणं एकेक करून थांबलं. शेवटी नुसता त्या धारेचा आवाज राहिला. सरांनी वर पाहिलं. एवढी माणसं बघून त्यांना काय वाटलं असेल देव जाणे. पण आवाज वर्गातला निघाला. "आले का? बरं झालं. गोन्या आनल्यात का?"

शंभर माणसांनी गोण्या वर केल्या.

"मंग उतरा खाली! फोटोवाले नदीवर जा, वाळू आना. हसनारे खडी आना. नुसतं बुजवू नका रे, बुजवलं तर दुसरीकडून फुटतं. आधी वाळू, मंग बारीक खडी, मंग गोन्या. पानी येऊ द्या, माती येऊ देऊ नका. समजलं का?"

पुढचे पाच तास मी आयुष्यात पहिल्यांदा खरी मजुरी केली. शाळांचे मुख्याध्यापक, बँकेचा कॅशियर, पानटपरीवाला, सगळे पाट्या वाहत होते. सर चार वेळा मला ओरडले, "जोशी सर, पाटी अर्धी भरू नका, मराठीचा तास न्हाई हा!" दुपारनंतर धारेचा रंग बदलायला लागला. लाल, मग मातकट, मग पिवळसर. चारच्या सुमाराला सरांनी ओंजळीत पाणी घेऊन उन्हाकडं धरलं आणि सगळ्यांना दाखवलं. स्वच्छ होतं. पाझर चालूच होता, पण माती थांबली होती. सर गोण्यांवर बसले आणि सगळ्यांदेखत रडले. सरांची बायको जवळ आली, पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "हसा आता."

पुढं गावानं ग्रामसभेत सत्कार ठेवला. सरांचा, आणि माझा! "वेळीच लोकांना निरोप दिल्याबद्दल." शाल, नारळ, टाळ्या. सर माझ्या शेजारच्या खुर्चीवर. टाळ्या चालू असताना ते माझ्या कानाशी वाकले.

"तो मेसेज मी वाचला व्हता. त्या ग्रुपात मीबी हाये, जोशी सर."

"सर, माफ करा," एवढंच कसंबसं म्हणालो.

"तुम्ही हसायला बोलावलं," सर समोर बघत म्हणाले, "पन बोलावलं. मी बोलावलं तवा कुनी आलं न्हाई." मग नारळ या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "पन फुकट माफी न्हाई. मला तिथं परत घेऊन चला. ते पानी खरंच परत येतं का, ते बघायचंय."

मे महिन्यात आम्ही दोघंच गेलो. शेवंताकाकूंनी लांबूनच ओळखलं. "मास्तरानू, पोती आणलास?" सर मनापासून हसले. सकाळी पाणी वर असताना त्यांनी खुंटी रोवली. दुपारी पाणी गेलं, पार केवड्याच्या बनाआड गेलं. सर काठावर उकिडवे बसून ते जाताना बघत राहिले. मी चहाला बोलावलं, आले नाहीत. शेवंताकाकू ताट घेऊन तिथं गेल्या, तेव्हा चिखलावरची नजर न काढता जेवले. मी सुरूच्या झाडाखाली झोपून गेलो.

जागा झालो तेव्हा ऊन कललं होतं. होड्या चिखलातून उठून हलत होत्या. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे, पाणी पोटऱ्यांपर्यंत आलेलं, आणि त्यांच्या मागं काठाला नेलपॉलिशच्या लाल पट्ट्याची खुंटी, पाणी नेमकं तिला टेकलेलं. ते मागं वळून ओरडले, "जोशी सर! बराबर आलं! एक बोट इकडं न्हाई का तिकडं न्हाई!" आणि जरा थांबून म्हणाले, "टाका ग्रुपवर."

मी ग्रुपवर लिहिलं, "खरात सरांच्या तळ्यात पाणी परत आलं."

दहा हातांवर पाण्यात उभ्या असलेल्या सरांनी शर्टच्या खिशातून फोन काढला, चष्मा नाकावर ओढला आणि एका बोटानं सावकाश काहीतरी दाबलं. माझ्या हातातला फोन वाजला. पहिला अंगठा त्यांचाच होता.